वर्ष ते तीन वर्षे : दुडुदुडु धावणाऱ्या मुलाच्या उचापतींसाठी घराची आणि स्वतःची तयारी

आमची मुलगी २० महिन्यांची असताना एका सकाळी तिने न्हाणीघरात शिरून दार आतून लावून घेतले. आदल्या संध्याकाळपर्यंत तिचा हात त्या कडीपर्यंत पोहोचत नव्हता. त्या सकाळी तिने पालथा टब दारापाशी ओढला होता आणि त्यावर उभी राहून कडी सरकवली होती, हे आम्हाला नंतर कळले. कडी लावणे तिला जमले. पण कडीची मूठ वर उचलायची आणि त्याच वेळी मागे ओढायची, ही दोन कामे एकत्र काही तिला जमेनात. आत कोपऱ्यात अर्धी भरलेली बादली होती आणि ती आठवताच माझ्या हातापायांतले बळ गेले. पत्नी मागच्या बाजूने झरोक्याची काच काढायला धावली. मी जमिनीवर आडवा होऊन दाराखालच्या फटीला तोंड लावले, तिला बोटे फटीतून बाहेर काढायला सांगितले आणि एकेक बोट धरून मोजत राहिलो, म्हणजे ती दारापाशीच बसून राहील आणि बादलीकडे वळणार नाही. झरोक्यातून काठी घालून कडी सरकवेपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली. तेवढ्यात तिने मला चार वेळा बोटे मोजायला लावली.

त्या दिवशी जे कळले ते या लेखाच्या मुळाशी आहे. वर्ष ते तीन वर्षांच्या मुलाकडे दुर्लक्ष झाले म्हणून घरात अपघात होतात, हे काही वेळा खरे असते; पण त्याहून जास्त वेळा आपण सारी काळजी घेतलेली असते आणि ती कालच्या मुलासाठी घेतलेली असते. या वयात हात पोहोचण्याची उंची, चढण्याची ताकद आणि झाकण उघडण्याचे कसब पंधरा-पंधरा दिवसांनी बदलते, आणि नवे कसब हाती आले की मूल ते आपल्याला न सांगता लगेच वापरून पाहते. म्हणून खाली दिलेली तयारी करताना, मुलाला आज काय जमते यापेक्षा पुढच्या महिन्यात काय जमेल, याचा अंदाज घेऊन ती करावी, अशी माझी सर्व नव्या आईबाबांना कळकळीची विनंती आहे.

पहिली पायरी : गुडघ्यांवर बसून घर पाहणे

मूल पाऊल टाकू लागण्याच्या सुमारास, म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, एखाद्या सुटीच्या दिवशी घरातल्या दोघांनी खरोखर गुडघ्यांवर बसून प्रत्येक खोलीतून फिरावे. उभे राहून पाहिलेले घर आणि त्या उंचीवरून पाहिलेले घर यांत फार फरक असतो. टेबलाच्या कडेवरून लोंबणारी चार्जरची वायर, टेबलावर अंथरलेल्या कापडाचे टोक, पलंगाखाली घरंगळलेले नाणे, खिडकीच्या पडद्याची लांब दोरी, या गोष्टी उभ्या माणसाच्या नजरेत भरतच नाहीत. पडद्यांच्या दोऱ्या वर गुंडाळून भिंतीतल्या खिळ्याला पक्क्या बांधाव्यात, कारण गळ्याभोवती फास बसला तर मुलाला ओरडताही येत नाही.

पाण्यापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. या वयातल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत डोकावले आणि तोल गेला तर त्याला स्वतःला मागे ओढता येत नाही, आणि बुडण्यासाठी अवघे ५ सेंटिमीटर पाणीही पुरते. मोठी माणसे समजतात तसा हातपाय मारल्याचा किंवा ओरडल्याचा आवाजही येत नाही. भरलेली बादली ठेवायची नाही, वापरून झाली की रिकामी करून पालथी घालायची आणि न्हाणीघराचे दार बाहेरून बंद ठेवायचे, हा नियम घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगावा लागतो, आणि तो सांगताना संकोच करू नये. आतल्या कड्या एकतर काढून टाकाव्यात किंवा दाराच्या अगदी वरच्या टोकाला बसवाव्यात.

त्यानंतर जड फर्निचर. कपाटाचे ड्रॉवर मुलाच्या दृष्टीने जिन्याच्या पायऱ्याच असतात. खालचे दोन-तीन उघडून ते वर चढू लागले की कपाटाचा तोल पुढे येतो. कपाट, पुस्तकांची मांडणी आणि टीव्ही हे भिंतीला पट्टीने व स्क्रूने पक्के करणे हे एका दुपारचे काम आहे आणि ते उद्यावर टाकू नये.

औषधे आणि सफाईची द्रव्ये यांच्याबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ती कुलपात असावीत आणि ती त्यांच्या मूळ डब्यांतच असावीत. फरशी पुसायचे द्रव्य पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत असते. मूल त्या बाटलीला पाण्याची बाटली म्हणूनच ओळखते. आपल्या घरातली औषधे आपण उंचावर ठेवतो, पण भेटायला आलेल्या आजी-आजोबांच्या पिशवीतल्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या मात्र सोफ्यावर, मुलाच्या हाताशी असतात. पाहुणे आले की त्यांच्या पिशव्या आल्याआल्या उंच खुंटीला टांगायच्या, एवढे केले तरी मोठा धोका टळतो.

लहान वस्तूंसाठी खेळणी तपासणाऱ्या यंत्रणा एक नळकांडे वापरतात. त्याचा व्यास सुमारे ३.२ सेंटिमीटर असतो आणि त्यात जी वस्तू मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, असे धरले जाते. घरी कागदी रोलची रिकामी नळी घेऊन हीच परीक्षा करता येते. ती नळी थोडी रुंद असल्यामुळे चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने होते. या सर्वांत रिमोट, घड्याळ, वजनकाटा आणि आवाज करणारी खेळणी यांतले गोल चपटे बटन सेल वेगळे काढावे लागतील, कारण ते नुसते अडकत नाहीत. अन्ननलिकेत अडकलेल्या सेलमधून विद्युतप्रवाह वाहतो आणि अवघ्या दोन तासांत आतला भाग गंभीरपणे भाजू शकतो. सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल अशी वस्तू मुलाच्या हाती देऊ नये. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

दुसरी पायरी : ‘हो’ म्हणता येईल अशी जागा

सगळे उंचावर गेले की मूल दिवसभर ‘नको, नको’ ऐकत राहते. ज्या मुलाला उघडझाक करायची आहे, त्याला उघडझाक करायला काहीतरी हवेच असते. म्हणून स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा एक ड्रॉवर पूर्णपणे त्याचा करावा. त्यात हलकी भांडी, झाकणे, मोठे लाकडी चमचे, जुनी पुसणी ठेवावीत आणि दर आठ-दहा दिवसांनी त्यांतल्या दोन वस्तू बदलाव्यात. आमच्याकडे एकाच डब्यावर झाकण बसते का, हे मुलगी सलग पाऊण तास पाहत बसली होती. विकत आणलेल्या कोणत्याही खेळण्याने तिला एवढा वेळ धरून ठेवलेले नाही.

तिसरी पायरी : दिवसाची चौकट आणि ‘आता कोणाकडे?’

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. त्याच सूचनांत एक वर्षाच्या मुलाने पडद्यासमोर बसू नये, दोन वर्षांच्या मुलाने दिवसाला एक तासापेक्षा जास्त बसू नये आणि दिवसभरात एकूण किमान तीन तास हालचाल करावी, असे म्हटले आहे. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. पण आपले मूल रोज चार वाजता चिडचिड करते, त्याचे कारण हट्टीपणा नसून मोडलेली दुपारची झोप असू शकते, हे त्यांवरून लक्षात येते. उठणे, खाणे, बाहेर जाणे, झोपणे या चार गोष्टींचा क्रम तेवढा पक्का ठेवावा. घड्याळाचे काटे पंधरा-वीस मिनिटांनी मागेपुढे झाले तरी मुलाला चालते. क्रम बदलला की त्याची पायाखालची जमीन सरकते.

उचापती बहुतेक वेळा सांध्यावर होतात. दारावरची घंटा वाजली, फोन आला, भांडे उतू जाऊ लागले, बाहेर निघताना किल्ली सापडेना, अशा वेळी मोठ्या माणसाचे लक्ष दोन मिनिटांसाठी वळते आणि मुलाला तेवढी मिनिटे पुरतात. घरात एकच मोठे माणूस असेल तर अशा वेळी मुलाला कडेवर घेऊन दार उघडावे किंवा सरळ घंटा वाजू द्यावी. दोघे-तिघे असतील तर धोका उलट वाढतो, कारण प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याचे लक्ष आहे. यावर आमच्या घरात एक साधी रीत आहे. जो उठतो तो मोठ्याने विचारतो, ‘‘आता कोणाकडे?’’ आणि ‘‘माझ्याकडे’’ हे उत्तर ऐकू आल्याशिवाय खोली सोडत नाही. मान डोलावणे किंवा ‘हं’ हे उत्तर धरले जात नाही. सुरुवातीला हे कवायतीसारखे वाटते, पण महिनाभरात ते अंगवळणी पडते. या लेखातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करावी, असे मी सांगेन.

चौथी पायरी : जेवण

पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचे वजन जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होते. दुसऱ्या संपूर्ण वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोने वाढते. वाढीचा वेग असा मंदावल्यामुळे भूकही कमी होते, आणि नेमके तेव्हाच घरातली मोठी माणसे वाटी घेऊन मुलाच्या मागे धावू लागतात. काय द्यायचे आणि कधी द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे, आणि किती खायचे हे मुलावर सोपवावे. नवा पदार्थ मुलाने आठ-दहा वेळा नाकारला तरी तो थोडासा ताटाच्या कडेला ठेवत राहावा. आग्रह करू नये. डॉक्टरांच्या तक्त्यावर मुलाची वाढ तिच्या नेहमीच्या रेषेवर असेल, तर एका दिवशी अर्धी वाटी शिल्लक राहिली म्हणून जीव टांगणीला लावण्याचे कारण नाही.

घास अडकण्याची काळजी मात्र जरूर करावी. मुलाने एका जागी बसूनच खावे. धावताना, हसताना, गाडीत मागे एकटे बसून खाऊ नये. द्राक्षासारखी गोल फळे उभी चिरून चार फोडी कराव्यात, आणि अख्खे दाणे व सुका मेवा चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नये. उबळ येणे आणि घास अडकणे यांतला फरक आधीच समजून घ्यावा. उबळ आली की मूल आवाज करते, खोकते, लाल होते, आणि तेव्हा त्याला खोकू द्यावे. घास खरोखर अडकला तर आवाजच येत नाही. अशा वेळी एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने मोकळे झाले नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके द्यावेत, आणि मदत येईपर्यंत हे आलटून पालटून करत राहावे. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी खोल जाते. हे वाचून शिकता येत नाही. प्रथमोपचाराचे एखाद्या दिवसाचे प्रशिक्षण मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने घ्यावे.

पाचवी पायरी : आकांडतांडव

एका संध्याकाळी बाहेरून घरी आल्यावर मी सवयीने दारातला दिवा लावला. मुलीला तो स्वतः लावायचा होता. तिने जमिनीवर लोळण घेतली, बूट भिरकावला, आणि ‘‘मी! मी!’’ एवढाच शब्द ती पुन्हा पुन्हा ओरडत राहिली. मी दिवा बंद करून तिला उचलले आणि म्हटले, ‘‘आता तू लाव.’’ तर तिने माझा हात झिडकारला. तिला दिवा नुसता लावायचा नव्हता. बाहेरून अंधारात आत येऊन लावायचा होता. मी तिला घेऊन पुन्हा दाराबाहेर गेलो, दार ओढून घेतले, उघडले, आणि तिने हुंदके देत देत बटण दाबले. त्यानंतर ती अगदी शांतपणे बूट उचलून ठेवायला गेली.

घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीचे तेव्हा म्हणणे होते की असे केल्याने मूल डोक्यावर बसते. मी त्यावर बराच विचार केला आणि माझे मत वेगळे आहे. दोन वर्षांच्या आसपासचे मूल साधारण ५० शब्द बोलते आणि नुकते कुठे दोन शब्द जोडू लागलेले असते, पण त्याला समजते त्याच्या कितीतरी पट अधिक. मनातला बेत पूर्ण असतो आणि तो सांगायला शब्द मात्र नसतात. शिवाय स्वतःला आवरण्याचे काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो, तो पूर्ण परिपक्व व्हायला वयाची विशी उलटावी लागते. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाने रडणे थांबवण्याचा निश्चय करावा, ही अपेक्षा त्याच्या आवाक्याबाहेरची आहे.

मग लाड कुठे थांबवायचे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी आम्ही रडणे सुरू होण्याआधीच उत्तर ठरवून ठेवतो. दिवा पुन्हा लावणे, पायमोजे उलट घालणे, जिना स्वतः उतरणे, या मागण्यांना दोन मिनिटे लागतात आणि त्यांत कोणाचे नुकसान नसते. त्या पहिल्याच वेळी मान्य कराव्यात. रस्त्यावर हात सोडणे, गॅसजवळ जाणे, कोणाला मारणे, यांना नकार असतो आणि तो कितीही रडले तरी बदलत नाही. पाच मिनिटे ‘नाही’ म्हणून सहाव्या मिनिटाला ‘बरं, घे’ म्हणणे तेवढे टाळावे, कारण त्यातून मूल सहा मिनिटे रडायला शिकते.

प्रत्यक्ष आकांडतांडव सुरू झाले की आधी आसपासच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, मग त्याच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसावे आणि अगदी थोडे बोलावे : ‘‘तुला लावायचा होता. राग आला.’’ भोकाड पसरलेल्या मुलाला लांबलचक समजावणी ऐकूच येत नाही. काही मुलांना अशा वेळी मिठी हवी असते, काहींना स्पर्श सहन होत नाही. आपले मूल कोणत्या प्रकारचे आहे ते चार-पाच प्रसंगांत कळते. मारू नये. मारल्याने ते गप्प होते, पण ते भीतीने, आणि रागात हात उचलायचा असतो हा धडा ते आपल्याकडूनच घेते. खेळ संपवून निघायचे असेल तर ‘‘पाच मिनिटांत निघू’’ याला या वयात अर्थ नसतो. ‘‘अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी’’ याला असतो.

काही मुले रडता रडता श्वास रोखून धरतात, ओठ निळसर पडतात आणि क्षणभर शुद्धही हरपते. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते, पण बहुधा मिनिटभरात श्वास आपोआप सुरू होतो. मुलाला कुशीवर आडवे करावे, हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये. असे पहिल्यांदा झाल्यावर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. कधी कधी रक्तातल्या लोहाची कमतरता हे त्यामागचे एक कारण निघते.

सहावी पायरी : घर अचानक शांत झाल्यावर

मूल जागे आहे आणि दोन मिनिटे कसलाच आवाज नाही, असे झाले की हातातले काम टाकून उठावे. दृश्य कोणतेही असू शकते : पावडरचा डबा पालथा, भिंतीवर खडूच्या रेघोट्या, पाण्यात बुडवलेला फोन. पाहण्याचा क्रम मात्र नेहमी तोच ठेवावा. आधी मुलाचे तोंड, मग हात, मग नाक-कान, आणि सर्वांत शेवटी वस्तू. फोन वाचवायला आपण आधी धावलो तर मुलाच्या गालात असलेला सिमकार्डचा तुकडा आपल्याला दिसत नाही. मोठ्याने ओरडूही नये. दचकलेले मूल तोंडातली वस्तू गिळते. शांतपणे तळहात पुढे करून ‘‘दे’’ म्हटले तर बरेचदा ती हातावर येते. हा खेळ एरवीही अधूनमधून खेळावा, म्हणजे अडचणीच्या वेळी तो उपयोगी पडतो.

औषध किंवा सफाईचे द्रव्य पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, कारण जाळणारा पदार्थ वर येताना घसा दुसऱ्यांदा जाळतो. वेष्टन सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जावे. किती गोळ्या होत्या आणि किती उरल्या हे मोजता आले तर डॉक्टरांना फार मदत होते.

नाकात मणी किंवा दाणा गेला असेल तर चिमट्याने ओढू नये. डॉक्टरांकडे यासाठी एक सोपी पद्धत असते : आई किंवा बाबा मुलाच्या तोंडावर तोंड ठेवतात, मोकळी नाकपुडी बोटाने दाबतात आणि हलकीशी फुंकर मारतात, दहापैकी सुमारे सहा वेळा वस्तू बाहेर पडते. ही पद्धत त्यांच्या देखरेखीखालीच करावी. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर काहीतरी अडकून काही दिवस झाले आहेत, असे समजावे.

भाजल्यावर पहिला उपाय वाहते गार पाणी, पूर्ण २० मिनिटे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेल नको. ही २० मिनिटे फार लांब वाटतात, मूल रडत असते आणि सर्वांना रुग्णालयात पळायचे असते, तरीही तेवढा वेळ द्यावा. जखमेची खोली त्याने कमी होते. गरम पेयाचा कप तयार केल्यानंतर १५ मिनिटांनीही मुलाला भाजू शकतो, म्हणून मांडीवर मूल असताना हातात कप घेऊ नये.

डोके आपटल्यावर मूल लगेच रडले आणि थोड्या वेळात पुन्हा खेळू लागले तर घरी लक्ष ठेवणे बहुधा पुरते. शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, झोपेतून नीट न उठणे, झटके, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांतले काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. आणखी एक दुखापत नव्या आईबाबांना माहीत नसते. रस्ता ओलांडताना बसलेल्या मुलाला एका हाताने झटक्यात उभे केले, किंवा दोन्ही हात धरून झोका दिला, तर कोपराचे हाड जागेवरून किंचित सरकू शकते. मग मूल तो हात वापरत नाही, तो अंगाशी लोंबता ठेवते. डॉक्टर ते क्षणात जागेवर बसवतात. मुलाला नेहमी काखेखाली धरून उचलावे.

सातवी पायरी : आजारपण

या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे आणि मूल पाळणाघरात जाऊ लागले की हा आकडा वाढतो. तापाचे औषध वयानुसार नव्हे, वजनानुसार दिले जाते, आणि तेच औषध थेंबांच्या बाटलीत अधिक तीव्र व पातळ औषधाच्या बाटलीत सौम्य असू शकते. बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारून घ्यावी, आणि स्वयंपाकघरातल्या चमच्याऐवजी सोबतच्या मापानेच द्यावी. सहा महिने ते पाच वर्षे या वयात १०० पैकी २ ते ५ मुलांना तापात झटका येतो. तसे झाले तर मुलाला कुशीवर ठेवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर रुग्णवाहिका बोलवावी. थांबले तरी पहिल्या झटक्यानंतर डॉक्टरांना दाखवावेच.

आठवी पायरी : बाहेर पडताना

पिशवीत मुलाच्या कपड्यांचे दोन जोड असतातच. मोठ्या माणसाचा एक सदराही ठेवावा, कारण उलटी मुलाला झाली तरी ती आपल्या खांद्यावर होते. गर्दीच्या जागी जाण्यापूर्वी दारातच मुलाचा एक फोटो काढावा. मूल हरवलेच तर त्या दिवशीचे कपडे नेमके कसे होते हे घाबरलेल्या आईबाबांना आठवत नाही आणि फोटो चटकन दाखवता येतो. गाडी मागे घेण्यापूर्वी मूल कोणाच्या तरी हातात आहे हे डोळ्यांनी पाहावे. ‘असेल घरात’ या अंदाजावर गाडी हलवू नये.

शी-शूच्या सवयीबद्दल थोडक्यात सांगतो. मूल दोन तास कोरडे राहू लागले, ओले झाल्याचे स्वतः सांगू लागले की सुरुवात करावी. बहुतेकांच्या बाबतीत हे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीतरी घडते, आणि रात्रीचे कोरडेपण त्यानंतर बऱ्याच काळाने येते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये.

नववी पायरी : पुन्हा पहिल्या पायरीवर

गुडघ्यांवर बसून घर पाहण्याचे काम एकदा करून संपत नाही. मूल खुर्ची ढकलत नेऊ लागले, दाराची मूठ फिरवू लागले, बाटलीचे झाकण उघडू लागले किंवा पलंगाच्या कठड्यावर पाय टाकू लागले, की त्याच आठवड्यात पुन्हा एक फेरी मारावी. कठड्याच्या पलंगातली गादी सर्वांत खालच्या पातळीवर आणावी, आणि मुलाची उंची ९० सेंटिमीटरच्या जवळ गेली की तो पलंगच बदलावा.

त्या सकाळनंतर न्हाणीघराच्या दाराची कडी आम्ही अगदी वरच्या टोकाला बसवली आणि ती सव्वा वर्ष पुरली. मुलगी आता तीन वर्षांची होत आली आहे आणि हवे तिथे स्टूल उचलून नेते. गेल्या आठवड्यात मी तिच्याबरोबर दाराच्या आत उभा राहिलो, पत्नी बाहेर थांबली, आणि कडीची मूठ आधी वर उचलायची व मग मागे ओढायची, हे आम्ही तिला शिकवले. तिसऱ्या प्रयत्नात दार उघडले. त्यानंतर तिने ते बारा-तेरा वेळा लावले आणि उघडले, आणि प्रत्येक वेळी बाहेरून आईने दाराखालच्या फटीत बोटे ठेवावीत, असा तिचा आग्रह होता.